मल्लिकार्जुन मन्सूर : धारवाडच्या मातीतला स्वरयात्री

गोव्याहून अनमोड घाट चढून किंवा कॅसलरॉक-लोंढ्याच्या रेल्वेमार्गाने पूर्वेकडे निघाले, की काही तासांत धारवाड येते. पोर्तुगीज अमदानीत गोमंतकातील अनेक घरांतील मुले शिक्षणासाठी याच वाटेने बेळगाव-धारवाडला गेली. तेथून हुबळी अवघ्या वीसेक किलोमीटरवर. दोन्ही शहरांच्या मधोमध रायापूर लागते, आणि १९६२ पासून ही जोडशहरे एकाच महापालिकेत नांदत आहेत. या लहानशा पट्ट्याने आणि त्याच्या आसपासच्या गावांनी हिंदुस्थानी संगीताला जे गायक दिले, त्यांची नुसती नावे घेतली तरी मन थक्क होते. कुंदगोळचे सवाई गंधर्व, हुबळीच्या गंगूबाई हनगल, गदगचे भीमसेन जोशी, धारवाडचे बसवराज राजगुरू. या मालिकेतील बहुतेकांचे नाते किराणा घराण्याशी होते. मल्लिकार्जुन मन्सूर मात्र वेगळ्या वाटेने गेले. ती वाट अल्लादियाखाँसाहेबांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची होती.

या घराण्याची गोमंतकाला नव्याने ओळख करून देण्याची गरज नाही. केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर या दोन गोमंतकीय गायिकांनी ही अवघड विद्या अल्लादियाखाँसाहेबांकडून मिळवली आणि देशभर गाजवली. त्याच विद्येचा तिसरा मोठा प्रवाह धारवाडच्या मातीत रुजला. ज्याच्या घरात पिढीजात गाणे नव्हते, ज्याची मातृभाषा कन्नड होती आणि ज्याला त्या विद्येसाठी स्वतःचे आधीचे नावलौकिकाचे गाणे बाजूला ठेवावे लागले, अशा एका शेतकऱ्याच्या मुलाने तो आपल्या अंगणात आणला. त्याची कथा ही मुख्यतः दीर्घकाळ वाट पाहण्याची कथा आहे.

धारवाडजवळच्या मन्सूर या खेड्यात ३१ डिसेंबर १९१० रोजी मल्लिकार्जुन यांचा जन्म झाला. गावाचेच नाव पुढे त्यांचे आडनाव झाले. वडील भीमरायप्पा शेती करीत. गावात त्यांना मान होता आणि गाण्या-नाटकाची विलक्षण आवडही होती. घर लिंगायत, शिवभक्त आणि मुलाबाळांनी भरलेले. त्या काळी उत्तर कर्नाटकाच्या खेड्यांत संगीत शिकवणारी शाळा नव्हती. देवळातील भजन, मठातील प्रवचनाआधीचे गायन, सुगीनंतर रंगणारी लोकनाट्ये आणि फिरत्या नाटक मंडळ्या हीच खेड्याची संगीतशाळा होती. मल्लिकार्जुन यांच्या कानांवर पहिले सूर पडले ते अशा उघड्यावरच्या, मशाली-बत्त्यांच्या उजेडातल्या गाण्याचे.

थोरले बंधू बसवराज नाटकात रमले होते. त्यांच्या पाठोपाठ नवव्या वर्षी मल्लिकार्जुनही रंगमंचावर उभे राहिले. वामनराव मास्तरांच्या नाटक मंडळीत ध्रुव, प्रल्हाद यांसारख्या बालभूमिका त्यांच्या वाट्याला आल्या. या भूमिकांत अभिनयापेक्षा गाण्याचेच महत्त्व मोठे. देवाला आर्त हाक मारणारा बालभक्त रंगवायचा तर गळ्यात गोडवा हवा आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायला हवा. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात गायक नटाच्या आवाजाची कसोटी दर रात्री लागत असे. मल्लिकार्जुन यांचा पातळ, धारदार आणि लांब पल्ल्याचा आवाज या रंगभूमीवरच घडला. त्यांच्या प्रौढ गायनातली थेट भिडण्याची वृत्तीही याच शाळेतून आली असावी. मैफलीत बसल्यावर पहिल्या काही क्षणांत श्रोत्याला पकडून ठेवण्याची सवय त्यांना नाटकानेच लावली.

मंडळीत असतानाच अप्पय्यास्वामी यांच्याकडे त्यांचे कर्नाटक संगीताचे प्राथमिक शिक्षण झाले. पुढे ग्वाल्हेर घराण्याचे गायक नीळकंठबुवा आलूरमठ यांनी या मुलाचे गाणे ऐकले आणि त्याला शिष्य म्हणून स्वीकारले. नीळकंठबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या परंपरेतले. महाराष्ट्रात ख्यालगायनाची गंगा आणणारे म्हणून बाळकृष्णबुवांचे नाव घेतले जाते. नीळकंठबुवांचे वास्तव्य मिरजेत होते. मिरज हे त्या काळी संगीताचे गजबजलेले ठाणे होते. तंबोरे आणि सतारी घडवणारे कारागीर, संस्थानचा आश्रय, नाटक मंडळ्यांचे मुक्काम आणि अब्दुल करीमखाँसाहेबांचे वास्तव्य, यांमुळे दक्षिणेकडून येणाऱ्या होतकरू गायकाला हिंदुस्थानी संगीताचे दार येथेच उघडत असे. कर्नाटकातून आलेल्या या मुलाला मिरजेने राग दिले, बंदिशी दिल्या आणि मराठीही दिली.

गुरूच्या घरी राहून विद्या मिळवण्याचे ते दिवस होते. पहाटेचा खर्ज, दिवसभर पलटे, गुरूंची सेवा आणि रात्री पुन्हा तंबोऱ्याशी बैठक. सुमारे सहा वर्षांच्या या शिक्षणाने मल्लिकार्जुन यांच्या हाती ग्वाल्हेरची भक्कम बैठक आली. ग्वाल्हेर गायकीत बंदिशीला मान असतो. राग सहसा सुपरिचित, मांडणी खुली, आणि आलाप, बोलआलाप, बोलतान, सपाट तान अशी सगळी अंगे एकापाठोपाठ एक प्रकट होत जातात. तरुण मन्सूर यांच्या चपळ गळ्याला ही गायकी शोभून दिसली. ते मैफली करू लागले. तिसाव्या दशकात हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीने त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. गौडमल्हार आणि अडाणा या रागांची तबकडी लोकांना आवडली. ग्रामोफोन घरोघरी पोहोचत होता आणि तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत सारा राग दाखवून देण्याची किमया ज्याला जमे, त्याचे नाव गावोगाव होई. नारायणराव व्यासांच्या गतिमान, लोभस गायकीचा ठसा असलेल्या या तरुणाला आता काही कमी नव्हते. पंचविशीच्या आतच त्याच्याजवळ नाव होते आणि बिदागीही होती.

नेमक्या याच वेळी त्यांच्या आयुष्याने वळण घेतले. मुंबईच्या मुक्कामात त्यांच्या कानांवर अल्लादियाखाँसाहेबांच्या घराण्याचे गाणे पडले. अल्लादियाखाँसाहेब १८५५ सालचे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने ते कोल्हापूर दरबारी आले, पुढे मुंबईत स्थिरावले. धृपदाच्या परंपरेतून आलेल्या या उस्तादांनी ख्यालाला इतके गुंतागुंतीचे आणि भारदस्त रूप दिले होते, की ते गाणे ऐकणेदेखील श्रोत्याच्या बुद्धीची परीक्षा ठरे. त्यांचे पुत्र मंजीखाँ हे या विद्येचे तेजस्वी वारस. बापाची सगळी विद्या त्यांच्याजवळ होतीच. शिवाय ख्यालाच्या चौकटीबाहेरच्या भावपूर्ण गाण्याचीही त्यांना ओढ होती. त्यामुळे त्यांच्या गायनातला गणिती काटेकोरपणा कोरडा वाटत नसे. हे गाणे ऐकल्यावर मन्सूर यांना आपले आतापर्यंतचे गाणे अपुरे वाटू लागले.

नाव झालेल्या गायकाने पुन्हा विद्यार्थी होणे सोपे नसते. श्रोत्यांना ज्या गाण्याची चटक लागलेली असते, तेच त्यांना हवे असते. कंपनीला खपणारी तबकडी हवी असते. शिवाय एका घराण्यात मुरलेला गळा दुसऱ्या घराण्याच्या शिस्तीत बसवायचा, तर आधी पुष्कळ काही विसरावे लागते. मन्सूर यांनी हा धोका पत्करला. १९३५च्या सुमारास त्यांनी मंजीखाँसाहेबांचा गंडा बांधला आणि मुंबईत त्यांच्यापाशी शिक्षण सुरू केले.

जयपूर गायकीचे शिक्षण म्हणजे श्वासाचे आणि लयीचे शिक्षण. या गायकीत स्वर लयीपासून सुटा राहत नाही. बंदिश सुरू झाली, की पहिल्या आवर्तनापासून आकारातला प्रत्येक स्वर तालाच्या मात्रांशी, त्यांच्या अर्ध्या-पाव भागांशी विणला जातो. आलाप येथे संथ तळ्यासारखा पसरत नाही. लयीच्या उतारावरून सतत पुढे सरकत राहतो. तान सरळ रेषेत धावत नाही. ती वळणे घेते, मागे फिरते, मध्येच एखाद्या स्वराला वळसा घालते आणि श्रोत्याला वाटते त्याहून वेगळ्या वाटेने समेवर येते. समेची जागा मात्र केसभरही चुकत नाही. शब्दांचा आणि सरगमचा आधार कमी. सगळा भार आकारावर, म्हणजे अखेरीस दमसासावर. मंजीखाँसाहेबांनी या शिष्याला हातचे राखून काही दिले नाही, अशी साक्ष त्यांच्या गाण्यातच मिळते. ग्वाल्हेरच्या बैठकीवर मन्सूर यांनी जयपूरचा डोलारा उभा करायला घेतला.

तो पुरा होण्याआधीच आधारस्तंभ कोसळला. १९३७ साली मंजीखाँसाहेबांचे अकाली निधन झाले. त्याच वर्षी अब्दुल करीमखाँसाहेबही गेले. मन्सूर तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. जुने गाणे त्यांनी मागे टाकले होते आणि नव्या विद्येचा जेमतेम दीड-दोन वर्षांचा सहवास मिळाला होता. पुत्रशोकाने खचलेल्या वृद्ध अल्लादियाखाँसाहेबांना नव्याने शिकवणे शक्य नव्हते. त्यांनी या शिष्याची पाठवणी आपल्या धाकट्या मुलाकडे, भूर्जीखाँसाहेबांकडे केली.

भूर्जीखाँ कोल्हापुरात राहत. वृत्तीने शांत, प्रसिद्धीपासून दूर आणि शिकवण्यात अत्यंत उदार, अशी त्यांची ख्याती होती. मंजीखाँसाहेबांच्या गाण्यात तेज होते. भूर्जीखाँसाहेबांजवळ घराण्याच्या बंदिशींचे आणि अनवट रागांचे भांडार होते. मन्सूर धारवाडहून कोल्हापूरला जात, राहत, शिकत आणि परतत. वर्षानुवर्षे हा क्रम चालला. १९४६ साली अल्लादियाखाँसाहेब गेले आणि १९५० साली भूर्जीखाँसाहेबही. तोवर मन्सूर चाळिशीला आले होते. घराण्याच्या दोन्ही पुत्रांची विद्या त्यांच्या गळ्यात एकत्र आली होती, परंतु ती ऐकायला अजून फारसे कोणी उत्सुक नव्हते.

स्वातंत्र्याच्या आसपासची ती दोन-तीन दशके संगीताच्या अभिरुचीतही बदलाची होती. संस्थानांचा आश्रय संपला होता. नाटक मंडळ्या बोलपटांपुढे टिकल्या नव्हत्या. मोठ्या सभागृहांत, हजारो श्रोत्यांसमोर संगीत संमेलने भरू लागली होती, आणि तेथे घनगंभीर आवाजाला व प्रदीर्घ, संथ बढतीला दाद मिळत होती. मन्सूर यांचे गाणे या साच्यात बसणारे नव्हते. ते मध्यलयीत सुरू होई. त्यात आलापीची ऐसपैस प्रस्तावना नसे. रागही श्रोत्यांच्या ओळखीचे नसत. धारवाडसारख्या आडबाजूच्या गावी राहणारा, ठेंगणा, किरकोळ अंगाचा हा गायक मुंबई-पुण्याच्या संगीत व्यवहारात ठळकपणे दिसत नव्हता. पत्नी गंगम्मा, अनेक मुली आणि एकुलता मुलगा राजशेखर असा मोठा संसार त्यांच्या माथ्यावर होता. तरीही त्यांनी मोठ्या शहरात बस्तान हलवले नाही आणि गाणेही बदलले नाही.

या काळात त्यांना आधार मिळाला तो रेडिओचा. ८ जानेवारी १९५० रोजी आकाशवाणीचे धारवाड केंद्र सुरू झाले. पुढे मन्सूर यांनी या केंद्रावर संगीत सल्लागार म्हणून काम पाहिले. उत्तर कर्नाटकातील कितीतरी गुणी कलावंतांना या केंद्राने श्रोते मिळवून दिले. सीमेपलीकडे, कोकण-गोव्याच्या पट्ट्यातही रात्रीच्या वेळी धारवाड केंद्र लावून बसणारे रसिक होते. मैफलीत दुर्मीळ झालेले मन्सूर यांचे गाणे अशा श्रोत्यांपर्यंत लहरींवरून पोहोचत राहिले. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली आणि तोवर मुंबई राज्यात असलेले धारवाड म्हैसूर राज्यात गेले. नकाशावरच्या रेषा बदलल्या, तरी मन्सूर यांच्या गाण्याचा प्रदेश तोच राहिला. मिरज, कोल्हापूर, मुंबई आणि धारवाड यांना जोडणारा तो प्रदेश होता.

धारवाड हे गावही अशा माणसाला साजेसे होते. पावसात न्हालेले, तांबड्या मातीचे, मोठमोठ्या वृक्षांचे आणि मास्तर-कवी-गवय्यांचे गाव. विसाव्या शतकाच्या आरंभी भास्करबुवा बखले येथील ट्रेनिंग कॉलेजात संगीत शिकवीत होते. सतारवादक रहिमतखाँ यांच्या घराण्याने येथेच मूळ धरले. कन्नडचे महाकवी द. रा. बेंद्रे साधनकेरीच्या तळ्याकाठी राहत. त्यांच्या घरची बोली मराठी होती. मराठी कथेचे एक शिखर असलेले जी. ए. कुलकर्णी याच गावी इंग्रजी शिकवीत आयुष्याची कित्येक वर्षे एकांतात राहिले. मोठे काम करावे आणि त्याची वाच्यता करू नये, ही या गावाची रीत. मन्सूर यांनी ती मनोमन पाळली.

त्यांच्या गाण्याचे वैशिष्ट्य सांगायचे, तर अनवट रागांपासून सुरुवात करावी लागते. शुद्ध नट, हेम नट, आसा जोगिया, शिवमत भैरव, लाच्छासाख, खट, बिहारी, आडंबरी केदार, बहादुरी तोडी, एक निषाद बिहागडा, संपूर्ण मालकंस ही नावेदेखील सामान्य श्रोत्याच्या कानांवर क्वचित पडतात. नेहमीच्या मालकंसात रिषभ आणि पंचम वर्ज्य असतात. संपूर्ण मालकंसात ते दोन्ही येतात, आणि तरीही मालकंसाची गंभीर छाया पुसली जाता कामा नये. बिहागड्यात एरवी दोन निषाद लागतात. एक निषाद बिहागड्यात केवळ एकावर सारा राग तोलायचा. खट या रागाचे नावच षट् या शब्दाशी जोडले जाते. अनेक रागांच्या छटा त्यात ये-जा करतात, परंतु त्यांपैकी एकीनेही घर करून राहायचे नाही. जोडरागांत तर दोन रागांचा सांधा दिसता कामा नये. असे राग गाताना बुद्धी क्षणभरही सैल पडून चालत नाही.

मन्सूर यांचे मोठेपण असे, की ही कसरत श्रोत्याला कसरत म्हणून जाणवत नसे. रागाचे व्याकरण त्यांच्या इतके अंगवळणी पडले होते, की ते अवघड रागही घरच्या अंगणात वावरावे तसे सहज गात. मैफलीत बसले, तंबोरे जुळले, की आवाज तापवण्यात वेळ न घालवता ते पहिल्याच षड्जाने रागाच्या गाभ्यात शिरत. तीनताल किंवा रूपकाची मध्यलय, दोन ओळींची बंदिश, आणि मग आवर्तनामागून आवर्तन नवनवे आकार. एका दमात दोन-दोन आवर्तने ओलांडून समेच्या तोंडाशी अलगद उतरणारी त्यांची तान ऐकताना तबलजीही सुखावत असे. एक राग वीस-पंचवीस मिनिटांत आटोपून ते दुसऱ्या रागाकडे वळत. बोलायचे तेवढे झाले की थांबावे, असा त्यांचा संयम होता. मागे बसून साथ करणाऱ्या राजशेखर यांचा सूर वडिलांच्या सुरात मिसळून जाई, आणि शिक्षण व मैफल यांतील सीमारेषाच तेथे पुसली जाई.

ख्यालाइतकेच मन्सूर यांचे नाव जोडले गेले ते वचनगायनाशी. बाराव्या शतकात कल्याण नगरीत महात्मा बसवेश्वर, अल्लमप्रभू, अक्कमहादेवी आदी शरणांनी कन्नड लोकभाषेत जी भक्तिवाणी रचली, तिला वचन म्हणतात. मराठी माणसाला ज्ञानोबा-तुकोबांचे अभंग जितके जिव्हाळ्याचे, तितकीच कन्नड माणसाला ही वचने. दोहोंत एक भेद मात्र आहे. अभंगाला छंद असतो, यमक असते, टाळ-मृदंगाचा ठेका त्याला आपोआप सापडतो. वचन हे बहुतांशी मुक्त गद्य. त्याला ठरलेली चाल नाही, ठराविक मात्रा नाहीत. ते रागात बसवायचे, तर गायकाने आधी वाक्याचा श्वास ओळखला पाहिजे. कोणत्या शब्दावर थांबायचे, कोणता शब्द स्वरात भिजवायचा, कोणता नुसता उच्चारून सोडायचा, हे त्यालाच ठरवावे लागते.

मन्सूर यांनी हे काम ख्यालगायकाच्या अधिकाराने आणि भक्ताच्या नम्रतेने केले. ज्यांचे ख्यालगायन शब्दांना फारसे महत्त्व न देणाऱ्या घराण्याचे, तेच मन्सूर वचन गाताना शब्दापुढे स्वराला मागे उभे करीत. अक्कमहादेवीचे सखीला स्वप्न सांगणारे वचन त्यांच्या आवाजात कर्नाटकात घरोघरी पोहोचले. ज्यांनी जयपूर घराण्याचे नाव ऐकले नव्हते, अनवट रागांशी ज्यांचे काही देणे-घेणे नव्हते, अशा शेतकऱ्यांनी, विणकरांनी, गृहिणींनी त्यांना या वचनांतून ओळखले. बालपणी नाटकात ध्रुव-प्रल्हादाची आर्तता गाणारा गळा पन्नास-साठ वर्षांनी पुन्हा त्याच आर्ततेपाशी आला होता. मधल्या काळात मिळवलेली सारी विद्या त्या आर्ततेत विरघळून गेली होती.

वचनांचा त्यांच्याशी असलेला संबंध केवळ मैफलीपुरता नव्हता. धारवाडच्या मुरुघामठावर आणि तेथील मृत्युंजय स्वामींवर त्यांची अपार श्रद्धा होती. त्यांच्या घराचे नावही मृत्युंजय. पहाटेचे स्नान, शिवपूजा आणि मग तंबोरा, हा दिनक्रम त्यांनी वार्धक्यातही मोडला नाही. शरणांच्या विचारात कायक या कल्पनेला मध्यवर्ती स्थान आहे. आपल्या वाट्याला आलेले काम मन लावून करणे हीच ईश्वराची उपासना, आणि त्या कामाचा मोबदला किती मिळतो याचा हिशेब गौण, असा त्याचा आशय. मन्सूर यांच्या आयुष्यातील दीर्घ उपेक्षेचे कोडे या कल्पनेने उलगडते. गाणे हे त्यांचे कायक होते. श्रोते दहा असोत वा दहा हजार, त्यात फरक पडण्याचे कारण नव्हते. म्हणूनच एवढ्या वर्षांच्या दुर्लक्षाने त्यांच्या गाण्यात कडवटपणाचा लवलेशही आला नाही.

व्यवहारात ते अगदी साधे होते. पांढरे धोतर, अंगात लांब कोट, डोक्यावर टोपी आणि बोटांत बिडी. बिडीचे व्यसन त्यांना आयुष्यभर सुटले नाही. एवढा दमसास असलेल्या गायकाला हे व्यसन, याचे अनेकांना नवल वाटे. बोलण्यात मिस्कीलपणा, वागण्यात खेडुताचा मोकळेपणा. मोठ्या सभागृहातून बाहेर पडलेले मन्सूर गर्दीत मिसळले, तर एखादा शेतकरी बाजाराला आला असावा असेच पाहणाऱ्याला वाटे. विद्येबाबत मात्र ते कमालीचे काटेकोर होते. गुरूंचे नाव घेताना कानाला हात लावण्याची जुनी रीत त्यांनी कधी सोडली नाही.

साठीच्या उंबरठ्यावर काळाने कूस पालटली. घराण्यांच्या शुद्ध गायकीचे मोल जाणणारी नवी श्रोत्यांची पिढी पुढे आली. पुण्या-मुंबईतील जाणकारांनी त्यांच्या मैफली ठेवल्या, आणि एकदा ऐकलेला रसिक पुन्हा पुन्हा येऊ लागला. १९७० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पुढच्याच वर्षी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७६ मध्ये पद्मभूषण. मध्य प्रदेश शासनाच्या कालिदास सन्मानाने त्यांचा गौरव झाला. १९८२ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांना आपले सन्माननीय सदस्यत्व दिले. १९९२ साली पद्मविभूषण हा किताबही आला. ज्या वयात गळा थकतो आणि गायक आठवणींवर जगू लागतात, त्या वयात मन्सूर यांचे गाणे भर बहरात होते. सत्तरी ओलांडल्यावरच्या त्यांच्या ध्वनिमुद्रणांत आवाजाला किंचित खडबडीतपणा आलेला जाणवतो, पण तानेची चपळाई आणि समेचा अचूकपणा तसाच आहे. आज त्यांच्या गाण्याचा जो साठा रसिक जपतात, त्यातील मोठा भाग या उशिरा आलेल्या सुगीचा आहे.

आपल्या आयुष्याचा प्रवास त्यांनी कन्नडमध्ये शब्दबद्ध केला आणि त्याला रसयात्रा असे नाव दिले. पुढे राजशेखर यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या या मुलाने वडिलांचे गाणे आणि त्यांची कथा, दोन्ही सांभाळली. कन्या नीला कोडली यांनीही वडिलांची विद्या आत्मसात केली. मन्सूर हे कोणत्याही संगीतघराण्यात जन्मले नव्हते. त्यांच्यानंतर मात्र त्यांच्या घरात गाणे पिढीजात झाले.

अखेरच्या काळात कर्करोगाने त्यांना ग्रासले. १२ सप्टेंबर १९९२ रोजी धारवाडात त्यांचे निधन झाले. चाळीस वर्षांपूर्वी, १९५२ साली, याच तारखेला कुंदगोळचे सवाई गंधर्व निवर्तले होते. बसवराज राजगुरू १९९१ मध्ये गेले, बेळगावच्या परिसरात जन्मलेले कुमार गंधर्व १९९२च्या जानेवारीत, आणि सप्टेंबरात मन्सूर. थोड्या अवधीत या भूमीने आपले तीन मोठे स्वर गमावले.

धारवाडातील त्यांचे मृत्युंजय हे घर आता स्मारक म्हणून जतन झाले आहे, आणि त्यांच्या नावाचा राष्ट्रीय स्मारक ट्रस्ट त्यांची स्मृती जागती ठेवतो. गोमंतकातून धारवाडला जाणाऱ्या संगीतप्रेमीने त्या घराला अवश्य भेट द्यावी. केरी आणि कुर्डी या गावांशी जयपूर घराण्याच्या नात्याने बांधले गेलेले ते घर आहे. पंचविशीतल्या यशाला पाठ दाखवून पुन्हा पहिल्या पायरीवर उभा राहिलेला, दोन वर्षांत गुरूला मुकलेला आणि त्यानंतर तीस वर्षे कोणी बोलावण्याची वाट न पाहता रोज पहाटे तंबोरा जुळवणारा एक गायक येथे राहत होता. साठीनंतर जगाने त्याच्या दारावर थाप दिली, तेव्हाही त्याचा तंबोरा जुळलेलाच होता.